दांडी कुठे झुकली? ॲनालॉग जॉयस्टिकचा इतिहास आणि खोडदच्या तबकड्या

१.
जुन्नर म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर शिवनेरी उभा राहतो, नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आठवतो, डोंगरांच्या पोटात कोरलेली लेणी आठवतात. पुणे–नाशिक मार्गावर खेडचा घाट चढून पेठ मागे टाकले, की मंचर, कळंब करीत रस्ता नारायणगावाला पोहोचतो. तेथून पूर्वेकडे वळल्यावर शेतमळ्यांच्या वर, आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. हे खोडद. येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना परिचित आहे. आजच्या धाग्याचा विषय मात्र तळहातात मावणारा आहे : जुन्या गेम-यंत्रासाठी स्वतःच्या हातांनी घडवायची ॲनालॉग जॉयस्टिक.

२.
या दोन गोष्टींचा संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. संबंध एका प्रश्नाचा आहे. खोडदची तबकडी दोन अक्षांभोवती फिरते आणि जॉयस्टिकची दांडीही दोन अक्षांभोवती झुकते. दोन्ही ठिकाणी यंत्राला एकच गोष्ट कळावी लागते : या क्षणी कोन किती? ॲनालॉग जॉयस्टिक ही खेळाच्या वेषातील मोजपट्टी आहे. म्हणून तिचा इतिहास हा कोन मोजण्याच्या युक्त्यांचा इतिहास ठरतो. आणि जुन्या यंत्रासाठी अशी दांडी नव्याने घडवणारा माणूस त्या यंत्राच्या निर्मात्यांचे निर्णय एकेक करून वाचत जातो.

३.
आधी एक भेद स्पष्ट करू. जॉयस्टिक दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत दांडीखाली चार बटणे असतात : वर, खाली, डावे, उजवे. दांडी झुकली की त्यांपैकी एखादे दाबले जाते. किती झुकली, याची नोंद होत नाही. झुकली की नाही, एवढेच यंत्राला कळते. दुसरी जात ॲनालॉग. तिच्यात दांडी किंचित कलली तर किंचित, पूर्ण कलली तर पूर्ण, असे प्रमाण यंत्रापर्यंत पोहोचते. पहिली जात होकार किंवा नकार देते, तर दुसरी माप सांगते. पुढचा सगळा इतिहास या मापाचा आहे.

४.
दांडीचा जन्म खेळासाठी झालेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विमान सांभाळण्यासाठी एकाच दांड्याची कल्पना पुढे आली. फ्रेंच अभियंता रोबेर एस्नो-पेल्तरी याचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. ‘जॉयस्टिक’ हा शब्दही १९१०च्या सुमारास वैमानिकांच्या बोलीत रुळला. त्या दांड्याला तारा आणि कप्प्या जोडलेल्या असत. हाताची हालचाल थेट विमानाच्या पृष्ठांपर्यंत जाई. हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी दांडी नंतर आली. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील सी. बी. मिरिक यांनी १९२६मध्ये दोन अक्षांच्या विद्युत जॉयस्टिकचे पेटंट मिळवले.

५.
हालचालीचा विद्युत संकेत करण्याचे सर्वांत साधे साधन त्याहूनही जुने आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी १८४१मध्ये पोटेन्शिओमीटरची मापनपद्धत मांडली. आपण त्याच कुळातील वस्तू रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात पाहिलेली असते : कार्बनचा एक गोलाकार पट्टा आणि त्यावरून सरकणारा धातूचा स्पर्शक. पट्ट्याच्या दोन टोकांना दोन तारा, स्पर्शकाला तिसरी. बटण फिरले की स्पर्शक जागा बदलतो आणि जागेप्रमाणे रोध बदलतो. असे दोन ‘पॉट’ एकमेकांशी काटकोनात ठेवून एकाच दांडीला जोडले, की ॲनालॉग जॉयस्टिक तयार झाली. तत्त्व एवढेच; खरी गंमत यंत्र तो रोध वाचते कसा, यात आहे.

६.
ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी खुले दिवस होते. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब प्रकल्पावर इलेक्ट्रॉनिक्सचे काम केलेले विल्यम हिगिनबॉथम यांना वाटले, की स्थिर तक्ते पाहून लोक कंटाळतात. त्यांनी एका ॲनालॉग संगणकाला ऑसिलोस्कोप जोडला आणि त्याच्या छोट्याशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक डबी : तिच्यावर एक बटण आणि फिरवायची एक खुंटी. बटणाने चेंडू मारायचा, खुंटीने त्याचा कोन ठरवायचा. ती खुंटी म्हणजे पोटेन्शिओमीटरच. पडद्यावरच्या खेळांच्या इतिहासात ॲनालॉग नियंत्रण इतके आरंभीचे आहे.

७.
घराघरांत जाणारे पहिले गेम-यंत्र ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ १९७२मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. राल्फ बेअर यांनी त्याचे मूळ रूप घडवले होते. त्याच्या नियंत्रकावर दांडी नव्हती, फिरवायच्या खुंट्या होत्या : एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या हालचालीसाठी आणि एक चेंडूला वळण देण्यासाठी. त्याच वर्षी अटारीचा ‘पाँग’ आला. त्यातही प्रत्येक खेळाडूला एकेक खुंटी. म्हणजे पहिल्या पिढीतील यंत्रे मूलतः मोजणारी होती. पडद्यावरची फळी हाताच्या कोनाचे चित्र होती. हात थांबला की फळी तेथेच थांबे.

८.
मग हे माप हरवले कसे? १९७७मध्ये अटारीचे व्हीसीएस हे यंत्र आले आणि त्यासोबतची काळी जॉयस्टिक जगप्रसिद्ध झाली. पण ती पहिल्या जातीची होती. दांडीखाली फक्त स्विच. कारणे व्यवहाराची होती. स्विच स्वस्त पडतो, लवकर बिघडत नाही, त्याला जुळवून घ्यावे लागत नाही आणि तो वाचायला यंत्राला क्षणही लागत नाही. ज्यांना सूक्ष्म हालचाल हवी असे, त्या खेळांसाठी अटारीने वेगळ्या ‘पॅडल’ खुंट्या दिल्या; त्यांच्या आत १ मेगाओहमचे पॉट असत. पुढे निन्टेंडोने अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण रूढ केले आणि दांडीच मागे पडली.

९.
आता मापनाचे पहिले उत्तर पाहू : वेळ. १९७७च्याच ॲपल टू या संगणकात स्टीव्ह वॉझनियाक यांना ‘ब्रेकआउट’ हा खेळ चालवायचा होता, म्हणून त्यांनी खुंट्यांची सोय केली. युक्ती अशी. एक कपॅसिटर पॉटमधून भरू द्यायचा. रोध कमी असेल तर तो चटकन भरतो, जास्त असेल तर सावकाश. भरेपर्यंत प्रोग्रॅम आकडे मोजत बसतो : ० पासून २५५ पर्यंत. मोजणी जेथे थांबते तो आकडा म्हणजे खुंटीची जागा. त्यासाठी १५० किलोओहमचा पॉट अपेक्षित होता आणि पूर्ण मोजणीस सुमारे ३ मिलिसेकंद लागत. रांजण भरायला किती वेळ लागला, यावरून नळ किती उघडा आहे हे ओळखण्यासारखेच हे.

१०.
१९८१च्या आयबीएम पीसीच्या गेम पोर्टनेही हाच मार्ग घेतला. पॉट १०० किलोओहमचा. या पद्धतीची एक उणीव मात्र पुढे उघडी पडली. वेळ मोजणारा प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालतो, त्याचा वेग वाढला की आकडेही बदलतात. दांडी तीच, कोन तोच, पण नव्या संगणकावर मोजणी वेगळी. म्हणून त्या काळच्या खेळांत आरंभी एक विधी असे : दांडी डाव्या-वरच्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, मग उजव्या-खालच्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. तरुण वाचकांना हा विधी निरर्थक वाटेल. तो मोजपट्टीवर शून्य आणि शेवटची खूण करण्याचा विधी होता.

११.
१९८२ हे वर्ष या कथेत बोधप्रद आहे. अटारी ५२०० या यंत्राला ॲनालॉग जॉयस्टिक मिळाली, पण तिच्यात दांडीला मध्यावर परत आणणारी व्यवस्था नव्हती. हात सोडला तरी दांडी झुकलेलीच राही आणि खेळातले पात्र चालतच राही. लोक वैतागले. त्याच वर्षी आलेल्या ‘व्हेक्ट्रेक्स’ या यंत्रात छोटी ॲनालॉग दांडी होती आणि ती आपोआप मध्यावर येई. मापन दोन्हींत होते. फरक स्प्रिंगचा होता. खुंटी मोजते ती हाताची जागा, दांडी मोजते ते हाताचे मध्यापासूनचे अंतर. ज्या दांडीला मध्य नाही, तिचे माप अचूक असूनही निरुपयोगी ठरते.

१२.
दुसरे उत्तर भारताशी जोडलेले आहे. १९८४–८५मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे २५० शाळांत संगणक पोहोचले. ते होते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याचीच भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केली. या यंत्राच्या पाठीवर १५ खिळ्यांचे एक ॲनालॉग पोर्ट होते. जॉयस्टिक जोडा, उष्णतेचा संवेदक जोडा, प्रकाशाचा जोडा. यंत्राला काहीच फरक पडत नसे. दांडी आणि तापमान या दोन्ही त्याच्या दृष्टीने मोजण्याच्याच गोष्टी.

१३.
बीबीसी मायक्रो वेळ मोजत नसे, ते प्रमाण मोजे. त्यातील ७००२ ही चिप चार वाहिन्यांवरचे विद्युतदाब १२ बिटांत वाचून आकडा देई. एका वाचनास सुमारे १० मिलिसेकंद लागत. बेसिक भाषेत ‘ॲडव्हाल’ लिहिले की आकडा हाती. पण खरी चतुराई पुढे आहे. तुलनेसाठी लागणारा सुमारे १.८ व्होल्टचा संदर्भदाब यंत्र तीन साध्या डायोडांतून मिळवे, आणि तो उष्णतेने थोडा सरके. तरीही दांडीचे माप बिघडत नसे. कारण तोच संदर्भदाब पोर्टमधून बाहेर दिलेला होता आणि पॉटही त्यावरच चाले. दोन्ही एकत्र सरकले की गुणोत्तर जसेच्या तसे. तराजूची दोन्ही पारडी एकाच आडणीला टांगलेली असावीत, तसे हे.

१४.
नव्वदच्या दशकात मात्र भारतीय घरांत शिरलेली ‘टीव्ही गेम’ यंत्रे वेगळी होती. त्यांतील बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेट घालायची आणि अधिक चिन्हाच्या बटणाने खेळायचे. त्यामुळे त्या पिढीच्या बोटांना होकार-नकाराची सवय लागली, प्रमाणाची ओळख फार उशिरा झाली. शाळांतल्या बीबीसी मायक्रोचे ॲनालॉग पोर्ट हे एक दुर्मीळ दार होते, जेथून साधा विद्यार्थी दोन पॉट आणि चार तारा घेऊन यंत्राला मोजायला लावू शकला असता. ती यंत्रे आज क्वचितच दृष्टीस पडतात. त्यांच्यासोबत हे दारही विस्मरणात गेले.

१५.
जगात ॲनालॉग दांडी परतली ती १९९६मध्ये, त्रिमितीय खेळांच्या गरजेतून. पात्राला सावकाश चालवायचे की पळवायचे, हे चार बटणांनी सांगता येत नाही. निन्टेंडो ६४ने तिसरे उत्तर दिले : मोजदाद. दांडी झुकली की खाचांची चकती फिरते, खाचांतून येणारा प्रकाश तुटतो-जुळतो आणि यंत्र ते खंड मोजते. सेगाच्या सॅटर्नसाठी आलेल्या ‘थ्रीडी पॅड’ने चौथे उत्तर दिले : चुंबक. एडविन हॉल यांनी १८७९मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा संवेदक चुंबकाची जवळीक ओळखतो. काहीही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. १९९७मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनलाही जोड-दांड्या मिळाल्या.

१६.
चारही उत्तरे हाताशी आली. आता दांडी घडवू. जुन्या यंत्राची मूळ जॉयस्टिक झिजली किंवा हरवली असेल, तर पहिला प्रश्न सुट्या भागांचा नसतो. हे यंत्र काय विचारते, हा असतो. ते वेळ विचारत असेल तर रोधाचा आकडा काटेकोर हवा. प्रमाण विचारत असेल तर रोधाची किंमत दुय्यम, पण पॉटची दोन्ही टोके जोडलेली हवीत. खाचा मोजत असेल तर पॉट थेट जोडून काहीच साधणार नाही; मध्ये एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर दुभाषा म्हणून बसवावा लागेल. चुकीच्या जातीची सुंदर दांडी घडवण्यापेक्षा एक संध्याकाळ यंत्राचे सर्किट वाचण्यात घालवलेली बरी.

१७.
यांत्रिक भाग असा. दोन अर्धवर्तुळाकार कमानी घ्याव्यात, प्रत्येकीत लांबट खाच. एक कमान दुसरीच्या वरून काटकोनात जाते आणि दांडी दोन्ही खाचांतून पार होते. दांडी उजवीकडे झुकली की एकच कमान ढकलली जाते. दुसरीच्या खाचेतून दांडी नुसती सरकते. पुढे झुकली की उलट. तिरकी झुकली की दोन्ही कमानी आपापल्या वाट्यापुरत्या फिरतात. अशा रीतीने हाताची एक तिरकी हालचाल दोन स्वच्छ कोनांत विभागली जाते. प्रत्येक कमानीच्या टोकाला एकेक पॉट. पितळी पट्टी, लाकूड किंवा थ्रीडी प्रिंटरचे प्लास्टिक, काहीही चालते. खाच मात्र दांडीच्या जाडीस अगदी बेताची हवी.

१८.
पॉट निवडताना फसगत होते. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पॉट सहज मिळतात. पण त्यांवरील अक्षर पाहून घ्यावे. सर्वसाधारणपणे ‘बी’ म्हणजे सम चालीचा : जेवढा फिरवला तेवढाच रोध बदलतो. ‘ए’ म्हणजे आवाजासाठीचा. कानाची जाणीव सम नसते, म्हणून त्याची चाल मुद्दाम वाकडी ठेवलेली असते. जुन्या रेडिओतून काढलेला पॉट बहुधा या दुसऱ्या प्रकारचा. तो जॉयस्टिकला लावला तर दांडी बरोबर मध्यावर असतानाही यंत्राला ती एका कडेला झुकलेली वाटते. दोष सोल्डरिंगमध्ये शोधत बसू नये. तो पॉटच्या स्वभावात असतो.

१९.
दुसरी अडचण गणिताची. साधा पॉट सुमारे ३०० अंश फिरतो. दांडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेमतेम ६० अंश. म्हणजे पट्ट्याचा पाचवा हिस्साच वापरात येतो. ॲपल टूसाठी १५० किलोओहमचा पॉट थेट जोडला तर रोध फक्त ३० किलोओहम बदलेल आणि २५५ आकड्यांपैकी साधारण ५१च हाती लागतील; पडद्यावरची फळी पडद्याच्या पाचव्या भागातच अडकेल. बीबीसी मायक्रो या बाबतीत सोशिक आहे. ४०९६ पायऱ्यांचा पाचवा हिस्सा म्हणजे ८१९. शेवटचे काही बिट थरथरले तरी खेळास पुरेसे. उरलेला हिशेब प्रोग्रॅम करतो. वेळ मोजणारे यंत्र घडवणाऱ्याकडून अधिक मागते, ते असे.

२०.
मग उपाय? ७५० किलोओहमचा पॉट घेतला तर त्याचा पाचवा हिस्सा बरोबर १५० भरतो. पण बाजारात सहसा ५०० किलोओहम आणि १ मेगाओहम हेच मिळतात. पहिल्याने आवाका अपुरा राहतो. दुसऱ्याने दांडी कडेला पोहोचण्याआधीच आकडा २५५ला टेकतो. दुसरा मार्ग दातेरी चाकांचा : कमानीवर मोठे चाक, पॉटवर त्याच्या एक पंचमांश दात्यांचे लहान चाक. दांडी ६० अंश हलली की पॉट ३०० अंश फिरतो. गणित सुटले, पण नवा शत्रू आला. दोन दात्यांमध्ये बारीक फट राहतेच. कारागीर म्हणतात, ‘याच्यात प्ले आहे.’ दांडीची दिशा उलटली की फट भरेपर्यंत चाक हलते, पण पॉट हलत नाही. नेमका मध्यावरच मापाला आंधळेपणा येतो.

२१.
याच शत्रूशी खोडदला फार मोठ्या प्रमाणावर सामना झाला. पण त्याआधी उटी पाहू. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली १९७०मध्ये उटीची रेडिओ दुर्बीण पूर्ण झाली : ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. ती अशा डोंगरउतारावर उभारली, की उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, असावा. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एखादा तारा तासन्‌तास टिपत राहण्यासाठी एकाच अक्षाभोवती फिरणे पुरेसे ठरले. आपल्या भाषेत सांगायचे तर उटीची दुर्बीण म्हणजे खुंटी. एक अक्ष, एक कोन. डोंगरानेच दुसऱ्या अक्षाचे काम उचलले.

२२.
खोडदची दुर्बीण म्हणजे दोन अक्षांची दांडी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. कल्पना आणि नेतृत्व पुन्हा स्वरूप यांचेच. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. एकमेकींपासून कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. पृष्ठभाग भरीव नाही, सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटते, खर्चही घटतो. प्रत्येक तबकडी एका अक्षाभोवती क्षितिजाला समांतर वळते आणि दुसऱ्याभोवती वर-खाली कलते. २००२ पासून जगभरातील संशोधक तिचा उपयोग करीत आले आहेत.

२३.
१४०० मेगाहर्ट्झच्या आसपास या तबकडीची नजर अर्ध्या अंशाहूनही अरुंद असते; चंद्रबिंबापेक्षा थोडी लहानच. एवढ्या नजरेच्या साधनात दात्यांच्या फटीला जागा नाही. म्हणून प्रत्येक अक्षावर एकाऐवजी दोन मोटारी बसवल्या. दोन्ही एकमेकींविरुद्ध किंचित ताण देत राहतात, त्यामुळे दाते नेहमी एकमेकांना टेकलेले राहतात आणि फट उघडतच नाही. कोन वाचण्याचे काम एन्कोडर करतात. हीच युक्ती जॉयस्टिकमध्ये लहान रूपात करता येते : लहान चाक दोन पातळ चाकांचे करायचे, त्यांच्यामध्ये बारीक स्प्रिंग, एक चाक दात्याच्या एका बाजूला टेकते, दुसरे दुसऱ्या. तबकडीत मोटार जे करते, ते दांडीत स्प्रिंग करते.

२४.
आता विचारावेसे वाटेल, की बाजारात नव्या जॉयस्टिक शेकड्यांनी असताना जुन्यासाठी हा खटाटोप का? कारण इतिहासाची काही साधने हाताने वाचावी लागतात. नाणेघाटातील अक्षरे ठशांवरून वाचता येतात. ‘ब्रेकआउट’च्या फळीचा वेग, बीबीसी मायक्रोच्या खेळातील सूक्ष्म वळण, व्हेक्ट्रेक्सच्या दांडीचा परतण्याचा जोर, या गोष्टी छायाचित्रांत उमटत नाहीत. प्रोग्रॅमच्या प्रती टिकल्या आहेत. कार्बनचे पट्टे मात्र झिजत आहेत आणि यंत्र टिकूनही त्याला प्रश्न विचारणारा हात हरवत आहे. चार स्विच लावून असा खेळ चालवला तर पडद्यावर चित्र येईल, पण ज्या प्रमाणासाठी तो रचला गेला ते प्रमाण नाहीसे होईल. पाठभेद झालेल्या पोथीसारखे ते होईल.

२५.
ब्रुकहेवनचा तो टेनिसचा खेळ लोकांसाठी दार उघडलेल्या दिवशी जन्मला, हे विसरू नये. खोडदलाही राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, दुर्बिणीची दारे लोकांसाठी उघडतात आणि विद्यार्थी आपापले प्रयोग मांडतात. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या शाळेने तेथे दोन पॉट, दोन कमानी आणि एक दांडी ठेवली, शेजारच्या पडद्यावर दोन आकडे हलते ठेवले आणि मागे उभ्या असलेल्या तबकडीकडे बोट दाखवले, तर पाहणाऱ्याला फार समजावून सांगावे लागणार नाही. तोच प्रश्न, तेच दोन कोन.

२६.
थोडक्यात टिपण : वेळ मोजणारी यंत्रे (ॲपल टू, आयबीएम पीसी), प्रमाण मोजणारे (बीबीसी मायक्रो), खाचा मोजणारे (निन्टेंडो ६४), चुंबक ओळखणारे (सॅटर्नचा थ्रीडी पॅड). घरात, शाळेच्या अडगळीत किंवा नातेवाइकांकडे ॲनालॉग पोर्टचे जुने यंत्र असेल तर भंगारात देण्याआधी त्याच्या पाठीवरचे पोर्ट पाहा, त्याचे छायाचित्र घ्या आणि ते यंत्र कोणता प्रश्न विचारते हे शोधा. उत्तर देणारी दांडी नंतर घडवता येते. धागा येथे संपवतो. शंका खाली अवश्य विचाराव्यात.